सगळ्याला रॉजर

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत. मी डस्टर शोधायला टेबलाचा खण उघडतो आणि त्यात एखादा सापडतो. हयातभर विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानं उतरवली, आणि निवृत्त होऊन गावी आलो तर जळगाव जामोदमध्ये वैमानिकांचा क्लास निघालेला! तालुक्यात धावपट्टी नाही. विमान म्हणून आभाळात पांढरी रेघ दिसते तेवढीच. पण खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हवाई नियम शिकवले जातात, आणि ते शिकवतो मी. बायको म्हणाली, घरी बसून चिडण्यापेक्षा तिथे जाऊन चिडा.

*

क्लासच्या मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. कधीकाळी ते पुण्याकडे विमान शिकायला गेले होते, शिक्षण अर्धवट सोडून आले. पण खांद्यावर चार सोनेरी पट्ट्यांचा पांढरा शर्ट घालून बाजारात वांगी घ्यायला जातात. ऐन लग्नसराईत एका गृहस्थाने त्यांना बसस्टँडवर अडवलं.

"बँडवाले ना तुम्ही? वरात निघायची वेळ झाली, बाकीची पार्टी कुठी हाये?"

कॅप्टन दिवसभर धुसफुसत होते. त्या गृहस्थाचं नेमकं काय चुकलं, ते मला अजून समजलेलं नाही.

*

कॅप्टनांचं सगळं शास्त्र एका शब्दात मावतं. रॉजर! हजेरीला रॉजर, चहा सांगितला तरी रॉजर. चांगला वैमानिक उलट बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी पहिल्याच तासाला सांगितलं की रेडिओवर रॉजर म्हणजे 'तुमचं बोलणं ऐकलं', बस. पटलं असं नाही, जमेल असं नाही, कळलं असंसुद्धा नाही. जे जमणार नाही त्याला 'अनेबल' म्हणायचं, आणि त्यात कसली लाज नाही. मग विचारलं, समजलं का?

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "रॉजर सर!"

*

विक्की हा आमचा लाडका विद्यार्थी. माझा नाही, कॅप्टनांचा. त्याचे वडील बियाण्याचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. एकदा ते वर्ग बघायला आले तेव्हा मी हवाई हद्दीचे वर्ग शिकवत होतो. आपल्याकडे डी, ई, एफ आणि जी. डीमध्ये टॉवरच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. जीमध्ये कुणाचं नियंत्रण नाही, डोळे उघडे ठेवायचे आणि आपलं आपण सांभाळायचं.

भाऊसाहेबांनी विचारलं, आपल्या गावावर कोणता? मी म्हटलं, खालच्या उंचीवर जी.

"म्हंजे सगळ्यात शेवटचा?" त्यांचा चेहराच पडला. "पुढच्या हप्त्यात आमदार येऊन राह्यले. डी करून घेऊ."

यावर कॅप्टन काय म्हणाले ते सांगायला नकोच.

*

दोन विमानांचे रस्ते एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. हे डोक्यात शिरावं म्हणून मी पोरांना बाजाराच्या मोकळ्या मैदानात नेलं आणि हात पसरून चालायला लावलं. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघायला लागले.

विक्कीच्या उजव्या बाजूने इरफान येत होता. धामणगाव बढ्याचा, शांत पोरगा. विक्कीने वाट द्यायला हवी होती. त्याने दिली नाही आणि दोघं धडकले. इरफानच्या चष्म्याची काडी मोडली. मी विक्कीला झापणार, तेवढ्यात कॅप्टन मध्ये पडले.

"इरफान, तू थांबायचंस. भाऊसाहेब आपले नेहमीचे आहेत."

आंतरराष्ट्रीय नियम आहे हो! साऱ्या जगातली विमानं त्यावर चालतात. मला इतका संताप आला की मी सगळ्यांना सोडून एकटाच परत आलो.

*

आता प्रज्ञा. वरवट बकालहून एसटीने यायची, आई अंगणवाडीत. वर्गात शिरताना "जयभीम सर" म्हणायची आणि बाकावर टेकताच तिचं सुरू व्हायचं, हे काऊन, ते काऊन, प्रत्येक गोष्टीला का. मला ती पोरगी आवडायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

एकदा मी जिन्यात बसून टॉवर झालो आणि पोरांना गच्चीवर पाठवून विमानं केलं. आधी सांगितलं की धावपट्टी बंद आहे. थोड्या वेळाने मुद्दाम त्याच धावपट्टीवर उतरायची परवानगी दिली. इरफान म्हणाला रॉजर. विक्की म्हणाला रॉजर, वर थँक यू सर. मग वरून प्रज्ञाचा आवाज आला,

"सर, थे तं बंद हाये ना?"

मी खूश होऊन उठलो, तर कॅप्टनांनी तिला शून्य दिलं. टॉवरला उलट प्रश्न विचारला म्हणून! शिवाय तिच्या बोलण्यावरून सुनावलं, असली भाषा विमानात चालत नाही.

पुढे ती आणि विक्की एकाच फ्लाइंग स्कूलमध्ये गेले. तिथल्या मुख्य शिक्षकांना कॅप्टनांनी आधीच फोन केला होता, ही मुलगी उलट बोलते, हिला एकटीला उडायला सोडू नका. एकटीला सोडलं नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर परत वरवट बकाल. तिला हे माहीत होतं. तिथे ती काऊन विचारेनाशी झाली, असं तिच्याशी फोनवर बोलणाऱ्या इरफानकडून कळलं. मला फार वाईट वाटलं.

पण त्या शिक्षकांनी तिचं उडणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिला एकटीला सोडलं.

*

शेवटचा किस्सा विक्कीनेच परवा सांगितला, माझ्या ओट्यावर बसून. कॅप्टनही होते, त्याच शर्टात.

त्या दिवशी प्रज्ञा आणि विक्की आपापल्या विमानात एकटे, एकाच मार्गावर, ती पुढे आणि हा बराच मागे. टॉवरने तिला वर चढायला सांगितलं. वर ढग होते. शिकाऊ वैमानिकाने ढगात जायचं नाही, आणि टॉवरला इतक्या लांबचे ढग दिसत नाहीत, ते वैमानिकानेच सांगायचे. ती म्हणाली, "अनेबल, वर ढग आहेत." ढगांच्या खालूनच माघारी वळली.

मग मागे ढग नसतील अशा समजुतीने टॉवरने विक्कीला तीच उंची दिली. विक्की म्हणाला, रॉजर. आणि गेला ढगात.

आत सगळं पांढरं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. टॉवरने विचारलं, ढगात आहेस का? हा म्हणाला, रॉजर. दिशा कोणती? रॉजर. जमीन दिसते का? रॉजर. तोंडातून दुसरा शब्द निघत नव्हता.

आणि रेडिओवर प्रज्ञाचा आवाज आला. असं मध्ये बोलायचं नसतं, हे तिला मीच शिकवलंय.

"विक्की, रॉजर नको म्हणू बे. खरं सांग, तुले काय दिसून राह्यलं?"

ओट्यावर कॅप्टन चहाच्या कपात बघत होते. मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

"म्या म्हणलं, काहीच नाही दिसून राह्यलं. मले भेव लागून राह्यलं."

"आणि टॉवर?"

"टॉवरनं मंग मले ढगातून बाहेर काढलं. पण पहिले म्हणे, रॉजर."