वास

मी कुंभवलीची. इथल्याच एका केमिकल कंपनीत पावडरीच्या पिशव्या भरते. चौथीपर्यंत शिकले, पण वाचायची सवय सुटली नाही. मुलगी बोईसरच्या कॉलेजातून पुस्तकं आणते, ती मी सुट्टीच्या दिवशी वाचते. एरवी स्वतःकडे बघायला वेळ नसतो. भाकऱ्या, कंपनी, परत भाकऱ्या.

मुलीची बारावी नुकतीच झाली होती, आणि तिलाही आमच्याच लाइनवर घेणार होते, सोमवारपासून. त्यासाठी मीच शब्द टाकला होता. एरवी मी सुपरवायझरसमोर मान वर करत नाही.

त्या आठवड्यात एक गोष्ट वाचली. तिच्यातल्या बाईचं दूध करपतं, शेजारीण धावत येते, आणि ही चुलीपाशीच बसलेली असते. तिला वासच येत नाही. येत नाही, हेही तिला माहीत नसतं. मी पान उलटलं आणि परत मागे आले. आमची शेजारीण महिन्याभरात दोनदा ओरडली होती, "वयनी, डाळ लागली तुमची!" लक्ष नव्हतं, असं मी म्हटलं होतं.

उठून सुक्या बोंबलांचा डबा उघडला. नाक पार आत घातलं. काहीच नाही.

कंपनीतून सुटताना आम्हाला गुळाचा खडा देतात. गूळ खाल्ला की नाकातोंडात गेलेली पावडरीची धूळ पोटात उतरून निघून जाते, असं आम्ही मानतो. नव्या बायकांना ते मीच सांगते.

मुलीला हाक मारून डबा तिच्यापुढे धरला.

"ई! आये, तोंडात घालतेस का आता?"

"वास येतो?"

"गल्लीभर येत असेल. तुला नाय येत?"

नवरा दारातून हसला. "पुस्तकात वाचलं की हिला तोच रोग होतो. मागं गोष्टीतली बाई आंधळी झाली, तर ही चष्मा मागत होती."

मुलगी हसली नाही. "कधीपासून, आये?"

तेच मला सांगता येईना. दिवाळीत उटण्याचा वास आला होता का? गणपतीत धुपाचा? आठवत आठवत मागे गेले, वर्षभर मागे गेले. कुठेच सापडला नाही.

"सोमवारी तू नाय जायचं," मी म्हटलं.

"आणि तू?"

नवऱ्याचं हसू थांबलं.

सोमवारी मी एकटीच गेले. मुलीच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी उभी होती. दिवसभर ती माझ्या शेजारीच होती, आणि मी तिला वासाचं काही बोलले नाही.