पुस्तकातल्या पोराला रागावताना

पेठेतल्या वाचनालयातून युद्धावरची एक कादंबरी आणली आणि पहिल्याच पानावर माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. लेखकानं सैनिकाला नावच दिलेलं नाही. सगळी गोष्ट त्याला 'तू' म्हणून सांगितलेली. 'तू चिखलात उतरतोस. तू बंदूक डोक्यावर धरतोस.' जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली मी. कुणी असा निबंध लिहिला असता तर लाल रेघ मारून परत दिला असता. पुस्तकही परत करणारच होते. पण माझा मुलगा सीमेवर आहे, आणि त्याला मी 'तू'च म्हणते. दोन-चार पानांतच चिखलात तोच उतरलेला दिसायला लागला.

मग माझी अक्कल गेली चरायला. पोळ्या लाटता लाटता वाचायचं आणि पुस्तकाला सूचना द्यायच्या. 'तू ओल्या बुटांतच झोपतोस' असं आलं तेव्हा मी ओरडलेच, "बूट काढ आधी! आजारी पडायचंय का?"

शेजारच्या काकू शेंगापोळ्यांची ताटली घेऊन धावत आल्या. "बाई, पोरगं आलंय व्हय सुट्टीवर? कुटं हाय?"

मी पुस्तक पुढं केलं. काकूंनी पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि ताटली ओट्यावर ठेवून हळूच निघून गेल्या. पोळ्या मीच संपवल्या. एवढं वाचायचं म्हणजे अंगात जोर हवा की.

कादंबरी मला भयंकर आवडली होती. शेवटच्या प्रकरणात मात्र 'तू' टेकडी चढायला लागला, वरून गोळीबार सुरू झाला, आणि मी पुस्तक मिटलं. मुलाचा फोन बरेच दिवस आला नव्हता. तिकडं रेंज नसते, हे मीच सगळ्यांना समजावते. तरी पुढचं पान उलटलं तर त्याला काहीतरी होईल, अशी भीती पोटात बसली. अंधश्रद्धेवर पोरांना भाषणं देणारी बाई ती हीच.

"अगं, छापून झालंय ते," नवरा म्हणाला. "तू वाचलं न्हाईस म्हणून गोळ्या थांबत्यात व्हय?"

पटलं. पण पुस्तक काही उघडलं नाही.

त्या रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. मी आधी रडले, मग ते सर्दीवर ढकललं, मग कादंबरी सांगत सुटले. ओल्या बुटांवर तो खूप हसला.

"मग शेवटी काय होतं गं, आई?"

"शेवटी," मी म्हणाले, "तू घरी येतोस."