न दुखलेला अटॅक

माझ्या धाकट्या मामाला रंगकामावरची पोरं 'बशा' म्हणायची. ऐन कामात बसकण मारणाऱ्या बैलाला म्हणतात, तसं. नाव ठेवलं सख्ख्या थोरल्या भावानं, आणि ठेकेदारही तोच, त्यामुळे पोरांनी ते आनंदानं उचललं.

घडलं होतं एवढंच. एका इमारतीचं काम चालू होतं. मामा पुट्टीची गोणी खांद्यावर घेऊन जिना चढत होता, तो मध्येच गोणी टाकून मटकन खाली बसला. शर्ट घामानं चिंब, धाप लागलेली. थोरल्यानं विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"नाही रे दादा. दुखत नाही काही. नुसतं उठवत नाही."

खरं बोलायची खोड नडली त्याला. दुखत नाही म्हणजे नाटक, असा थोरल्यानं निकाल लावून टाकला. मामाला कित्येक वर्षांचा डायबेटिस. गोळ्या घेतल्या तर घेतल्या, नाहीतर राहिल्या. "शुगरच्या नावावर किती दिवस आराम करणार?" असं सगळ्यांदेखत म्हणून थोरल्यानं त्याच्या हातातला रोलर काढून घेतला आणि त्याला भिंती घासायला लावलं. मामा निमूट घासत राहिला. मामीला मात्र ते नाव जिव्हारी लागलं. नवऱ्याला कामचोर म्हणतात, या एका गोष्टीनं ती आतल्या आत जळत होती.

पुढे रंगाच्या डब्याच्या झाकणानं मामाचा तळपाय कापला. त्याला पत्ताच नाही. मोज्यावरचं रक्त मामीला दिसलं. जखम चिघळली. ती कापून साफ करायची ठरली, म्हणून आधी हृदयाची तपासणी झाली. मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला अटॅक कधी आला होता?"

"मला? छे हो!"

"येऊन गेलाय, चांगला मोठा. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा बधिर होतात. पायाचं जसं कळलं नाही, तसं कधीकधी छातीचंही कळत नाही. एकदम घाम सुटून गळून गेल्यासारखं झालं होतं का कधी?"

मामानं मान खाली घातली. "झालं होतं. जिन्यात," मामी म्हणाली आणि तिथंच ढसाढसा रडायला लागली. रडता रडता तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी आनंदच म्हणेन.

जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी बेतानं हलकं काम करायला परवानगी दिली. त्या दिवशी मामी आम्हा दोघांना घेऊन तडक कामावर गेली. पोरं रंग ढवळत होती. तिनं सगळं सांगितलं आणि थोरल्याला म्हणाली, "भाऊजी, आता एकदा तुमच्या तोंडानं म्हणा. हे कामचोर नव्हते."

थोरल्याचा चेहरा पडला. पण अशी माणसं फार लवकर सावरतात.

"नव्हता. चुकलं माझं," तो म्हणाला. मामीनं डोळे पुसले. "पण मग उद्यापासून याला पाठवू नकोस. हार्टचा पेशंट मला कामावर नको. काही झालं तर निस्तरायचं कुणी? घरी आराम करू दे त्याला."

आवाजात माया इतकी की माझं डोकंच फिरलं. भिंती घासायला कामचोर चालत होता. आजारी भाऊ चालत नव्हता. आणि त्या कामाशिवाय मामाच्या घरात दुसरं काहीच येत नव्हतं.

मामा पुढे झाला. "दादा, डॉक्टर काय, काहीही सांगतात. मला कसला अटॅक? कंटाळा आला होता त्या दिवशी, म्हणून बसलो होतो."

"अहो!" मामी किंचाळली.

"तू गप्प बस. तू होतीस का तिथं?"

पोरं फिदीफिदी हसली. मामी माझ्याकडेही न बघता निघून गेली. थोरल्याला सगळं कळलं होतं, हे मी पैजेवर सांगतो. मग त्यानं भिंती घासायचा पॉलिश पेपर मामाच्या हातात दिला आणि म्हणाला, "मग लाग कामाला."