देव्हाऱ्याला वळसा

मुरलीधर सबनीसांनी सगळी नोकरी लंडनमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून काढली. त्यामुळे कागदावर रेघ ओढली की निम्मं काम झालंच, अशी त्यांची पक्की समजूत. पिनरमधल्या त्यांच्या जुन्या घराचं टॉयलेट वरच्या मजल्यावर होतं. २००६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीला, सुनेत्राबाईंना, अर्धांगाचा झटका आला आणि जिना चढणं संपलं. हॉस्पिटलने सांगितलं, खाली टॉयलेट झाल्याशिवाय त्यांना घरी पाठवता येणार नाही. तोवर एजवेअरच्या केअर होममध्ये राहू दे. सुनेत्राबाई रडल्याबिडल्या नाहीत. "लवकर करा हो," एवढंच म्हणाल्या.

जिन्याखालच्या अडगळीत टॉयलेट बसणार होतं. तिथून डायनिंग रूमच्या जमिनीखालून पाइप न्यायचा आणि मागच्या अंगणातल्या मॅनहोलला जोडायचा. सरळसोट काम. पण नेमका त्याच वाटेवर सुनेत्राबाईंचा देव्हारा होता. देवांच्या पायाखालून मैला जाणार, या विचारानेच सबनीसांच्या अंगावर काटा आला. त्यांनी पट्टी-पेन्सिल घेतली आणि पाइप किचनखालून फिरवून आणला. कागदावर फार देखणा दिसला तो.

बिल्डर हरीशभाईंनी डोकं खाजवलं. "अंकल, पाइपला उतार लागतो. मॅनहोल उथळ आहे. एवढा लांबून आणला तर उतार पुरणार नाही."

"बाबा, just देव्हारा दुसरा रूममध्ये ठेवा ना!" मुलगी अक्षया म्हणाली. "It's only a cupboard!"

"तुझ्या आईने मांडलेले देव आहेत. तिच्या माघारी मी हात लावणार नाही," सबनीस गरजले. आणि हा माणूस एकदा हट्टाला पेटला की पुढे बोलण्यात अर्थ नसे.

किचनची फरशी फुटली, चर खणला गेला, खडीवर पाइप बसला. कौन्सिलचा इन्स्पेक्टर आला, त्याने पाणी ओतायला लावलं. पाणी दुसऱ्या वळणापर्यंत गेलं आणि तिथेच तुंबून राहिलं. इन्स्पेक्टरने मान हलवली. सगळं उखडून सरळ रेषेत पुन्हा टाकायचं ठरलं, पण हरीशभाईंनी स्टॅनमोरचं मोठं काम घेतलेलं. ते म्हणाले, आता ख्रिसमसनंतरच.

हे केअर होममध्ये जाऊन सांगताना सबनीसांची मान वर होत नव्हती. सुनेत्राबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, हलवायचे ना मग देव! रंगकाम निघालं तेव्हा मीच नव्हते का ठेवले वरच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटावर? मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंत." मग आवाज बारीक झाला. "मला घरी यायचं होतं हो."

सबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच, इतक्या वेळा भेटायला येऊन हे विचारायचं कसं सुचलं नाही? बायकोच्या श्रद्धेची काळजी त्यांनी तिला न विचारताच केली होती. जन्मभर तिच्यासाठी जे केलं, ते असंच.

डिसेंबरमध्ये सुनेत्राबाईंना दुसरा झटका आला. आता कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. घरी नेण्याचा विषय डॉक्टरांनी दोन वाक्यांत संपवला.

जानेवारीत हरीशभाई आले. सबनीसांनी देव उचलून वर नेले. या वेळी पाणी सुरळीत वाहून गेलं. इन्स्पेक्टर खूश झाला, नवं टॉयलेट बसलं, भिंतीला धरायला दांडाही लागला. काम थांबवावं, असं सबनीसांच्या मनातही आलं नव्हतं. आलं असतं तर ते कशासाठी चाललंय हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं.

त्या दुपारी ते एजवेअरला गेले. "झालं बरं का ते," म्हणाले. सुनेत्राबाईंनी काय झालं, कधी जायचं, काहीच विचारलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"अंधार पडतोय," जड जिभेने त्या म्हणाल्या. "निघा तुम्ही. बस चुकेल."

सबनीसांनी कोट घातला. दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, पाहुण्याला निरोप देताना त्या नेहमी काढत तसाच अदबीचा.

"या हं पुन्हा."