एक खिडकी सोडून

"खिडक्या लावा. आता खरं बोलू."

कुठलीही बैठक काका याच वाक्याने सुरू करायचे. दुसरं कुणी उठायच्या आत स्वतःच उठायचे, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबून, आणि चर्चच्या त्या लहानशा सभागृहाच्या खिडक्या एकेक करून बंद करायचे. बाहेर जुलै. आत पंखा नाही, कारण जर्मनीत पंख्याची गरज पडत नाही असं कुणीतरी पूर्वी ठरवून ठेवलं आहे आणि ते बदलायला अजून कुणाला वेळ झालेला नाही.

जर्मनीत राहणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. इथे खिडकी बंद ठेवणं हा जवळजवळ गुन्हा आहे. बाहेर बर्फ पडत असला तरी सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची. याला लुफ्टन म्हणतात आणि ते न करणाऱ्याकडे शेजारी संशयाने बघतात. त्यामुळे त्या सभागृहाचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, दर बैठकीला काचेवर टकटक करायचा.

"हेर डॉक्टर, भिंतींना बुरशी धरेल!" हेर म्हणजे श्रीयुत, आणि डॉक्टर ते रसायनशास्त्रातले.

"फिलाडेल्फियात अख्खा उन्हाळा खिडक्या बंद होत्या," काका आतून ओरडायचे. "ती इमारत अजून उभी आहे!"

तो बिचारा मान हलवत निघून जायचा. त्याला फिलाडेल्फियाशी काय करायचं होतं?

आम्हालाही सुरुवातीला तोच प्रश्न पडला होता. काका लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्य रंगद्रव्यांत गेलेलं. पण डोक्यात कायम अमेरिका, आणि तीही आजची नाही. जहाजांतून आलेल्या माणसांनी किनाऱ्यावर वस्त्या केल्या, तिथपासून तेरा वसाहतींचं एक राष्ट्र झालं, तिथपर्यंतचीच. त्यापुढच्या अमेरिकेत त्यांना काडीचा रस नव्हता. कोण निवडून आलं, कोण पडलं, यावर चर्चा सुरू झाली की ते चहा आणायला उठायचे. अमेरिकेला ते कधी गेलेही नाहीत. मी एकदा कारण विचारलं.

"जाऊन काय करू? मी पोचेपर्यंत सतराशे सत्त्याऐंशी संपलेलं असणार."

हे वेड त्यांना सासुरवाडीहून मिळालं होतं. काकू जवळच्याच द्राक्षमळ्यांच्या गावातल्या, जर्मन. त्यांच्या घराण्यातले कुणी चुलत-खापर भाऊ फार पूर्वी ऱ्हाइनमधून होडीने समुद्राकडे गेले आणि पुढे पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाले. त्या काळी या भागातली गावंच्या गावं तशी गेली. काका म्हणायचे, "अर्धं गाव तिकडे गेलं, म्हणून इथे जागा झाली, म्हणून मी आलो." बायकोचे हे दूरचे नातेवाईक तिथे जाऊन काय करत होते हे शोधता शोधता त्यांनी वसाहतींचा सगळा कारभारच वाचून काढला. काकू यावर एकच शब्द बोलायच्या, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर. पण तो त्या ज्या सुरात म्हणायच्या, त्यावरून बरोबर काय ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

माझी आणि काकांची गाठ पडली ती भांडणामुळे. आम्ही नदीच्या पलीकडचे, मानहाइमचे. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरमध्ये आलेले. आमचं मंडळ मोठं, नवं, ढोल-लेझीमवालं. काकांचं लुडविग्सहाफेनचं मंडळ जुनं आणि छोटं. कारखान्यातले निवृत्त लोक, इस्पितळांतून निवृत्त झालेल्या एक-दोन परिचारिका. त्यांचा गणपती काकांच्या लग्नापासून चालत आलेला, चतुर्थीच्या दिवशीच बसणारा, मग ती चतुर्थी मंगळवारी का येईना. आमचा गणपती शनिवारी. कारण उघड आहे, मंगळवारी आम्ही ऑफिसात असतो.

त्या वर्षी चर्चने ते सभागृह विकायला काढलं. काकांच्या मंडळाला जागा उरली नाही. दोन्ही मंडळं एक झाली नाहीत तर जुना गणपती त्या वर्षापासून बंद, हे स्पष्ट होतं. शिवाय काका-काकू शरद ऋतूत हॅनोव्हरला मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. जाण्याआधी गणपतीची सोय लागावी एवढीच काकांची इच्छा होती. ते तसं बोलून दाखवत नसत. पण बैठकीची तारीख एक आठवडा पुढे ढकलू असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

पहिल्या बैठकीला त्यांनी खिडक्या लावल्या आणि का लावल्या ते सांगितलं. इंग्लंडच्या राजाला हाकलून दिल्यावर ही तेरा राज्यं एकमेकांवर गुरगुरायला लागली. मग सतराशे सत्त्याऐंशीत त्यांचे प्रतिनिधी देशाची घटना लिहायला फिलाडेल्फियात एका खोलीत बसले, लोकरीचे कोट घालून, भर उन्हाळ्यात, दारं-खिडक्या लावून. "का? आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आज एक बोललो आणि उद्या पटलं नाही तर शब्द फिरवता यावा. बाहेर कुणी ऐकलं असेल तर माणूस हट्टाला पेटतो. कळलं का, व्हर्जिनियाबाई?"

व्हर्जिनियाबाई म्हणजे मी. आमचं मंडळ मोठं म्हणून आम्ही व्हर्जिनिया, ते स्वतः छोटे म्हणून डेलावेअर. माझ्या नवऱ्यालाही ते "काय व्हर्जिनिया, बाई आल्या नाहीत का?" असं विचारायचे.

दोन्ही बाजूंनी मिळून त्यांनाच अध्यक्ष केलं. तिथे त्यांनी दुसरा नियम काढला: अध्यक्ष मत मांडणार नाही. त्यांचा तो सेनापती, जो पुढे पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, तो त्या खोलीत सगळा उन्हाळा खुर्चीवर गप्प बसला होता म्हणे. काकाही बसले. हातात काकूंच्या स्वयंपाकघरातलं लाटणं, गोंगाट झाला की टेबलावर आपटायला. त्यांच्या बाजूचे लोक आशेने त्यांच्याकडे बघायचे आणि काका पाण्याच्या भांड्याकडे.

आमच्या मंडळातला निखिल म्हणाला, "सरळ हात वर करून मोजू ना. सगळ्यांना एकेक मत. आल्झो, म्हणजे शेवटी लोकशाही आहे."

त्यांच्या बाजूला एक मावशी होत्या, निवृत्त परिचारिका, पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. त्या म्हणाल्या, "बाळा, तुमची माणसं मोजायला हॉल पुरत नाही आणि आमची एका गाडीत बसतात. आमचा गणपती काय तुझ्या ऑफिसला सुट्टी असेल तेव्हा जन्माला येतो का?"

"मावशी, मंगळवारी येणार कोण?"

"मी येणार. झालं?" असं म्हणून त्यांनी पर्स उचलली आणि उभ्या राहिल्या.

सगळे गडबडले. काका मात्र इतके खूश झाले की लाटणं आपटायचं विसरले. नंतर दारात मला म्हणाले, "बघितलंत? छोटी राज्यंसुद्धा अशीच उठून निघाली होती! सगळं अगदी क्रमाने चाललंय."

मला हे क्रमाने चालणं परवडणारं नव्हतं. मी दिवसभर ऑफिसात लोकांची भांडणं मिटवते, संध्याकाळी फुकट मिटवायची हौस नाही. मी म्हटलं, "काका, तुमच्या त्या लोकांनी यातून काढलं काय ते सांगा, म्हणजे मी घरी जाऊन भाजी टाकते."

त्यांनी सांगितलं. दोन सभागृहं. एकात माणसांप्रमाणे मतं, तिथे मोठ्यांचं चालणार. दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारखी मतं, तिथे छोट्यांना कुणी गिळू शकणार नाही. महत्त्वाची गोष्ट दोन्हीकडे मंजूर व्हायला हवी.

तर वाचकहो, आमच्या मंडळाला दोन सभागृहं आहेत. हसा. आम्हीही हसलो. पण ती झाल्यावर मावशींनी पर्स खाली ठेवली, आणि पुढच्याच बैठकीत तोडगा निघाला: गणपती चतुर्थीलाच बसणार, लुडविग्सहाफेनला, कुणाच्या तरी घरी, सवड असलेल्यांच्या हस्ते. शनिवारी तो पूल ओलांडून आमच्या हॉलवर येणार, मग ढोल, लेझीम, काय ते. फक्त आरती मावशी म्हणणार. "तुम्ही लोक मध्येच वेग वाढवता," हे त्यांचं कारण, आणि ते खरं होतं.

सगळं ठरलं. मंडळाची घटना काकांनी मराठीत लिहिली, मी जर्मनमध्ये केली, आणि जर्मन तपासायला काकूंकडे दिली. इथे संस्थांची नोंदणी कोर्टात होते आणि तिथे स्वल्पविरामसुद्धा जागेवर लागतो.

शेवटची बैठक. उकाडा असा की भिंतींनाही घाम. काकांनी खिडक्या लावल्या, लाटणं हातात घेतलं आणि म्हणाले, "आता फक्त मंजुरी." तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आम्हाला वाटलं हाउसमाइस्टर. पण काकू होत्या. दोन्ही हातांत भलामोठा ट्रे, त्यात डाम्पफ्नुडल, म्हणजे त्यांच्या गावचे वाफवलेले गोडसर पाव. दर गणपतीला त्या ते करत आल्या होत्या; "हाही मोदकच, कळ्या पाडायच्या राहिल्या," असं काका त्याची ओळख करून देत. दार उघडायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी काचेवर कोपर आपटलं होतं. ट्रेखाली बोटांत आमचा मसुदा धरलेला.

काकांनी उठून ती खिडकी उघडली. आत गार हवेची झुळूक आली. त्या आतच येतील असं वाटलं, पण त्यांनी ट्रे चौकटीवर टेकवला आणि बाहेरच उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या.

हा शब्द त्यांना सासूबाईंनी शिकवला होता आणि त्या तो फक्त रागावल्यावर वापरत.  पुढचं सगळं जर्मनमध्ये.

"दुसरं कलम. सभासद कोण? ज्याची मातृभाषा मराठी. स्वल्पविराम बरोबर आहे. पण मी कोण? मुलीच्या जन्माआधीपासून मी तुमच्या देवासाठी हे वाफवते. माझं मत कुठल्या सभागृहात? वरच्या की खालच्या?"

मला वाटतं त्या क्षणी आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खोलीतल्या आणखी दोघांच्या बायका जर्मन होत्या, एकीचा नवरा बव्हेरियाचा. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि काका! त्या फिलाडेल्फियाच्या खोलीबद्दल सांगताना ते दर वेळी सांगायचे, तिथे बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, ज्यांची ती जमीन होती ते तर नव्हतेच. "कागद नंतर वाचा, आधी खोलीबाहेर कोण राहिलं ते बघा." हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. आणि खोलीबाहेर त्यांची स्वतःची बायको ट्रे घेऊन उभी होती.

काकांचे कान लाल. मग ते वळले आणि लाटणं माझ्या हातात दिलं.

"धरा, व्हर्जिनियाबाई. अध्यक्ष बोलू शकत नाही, म्हणून मी खुर्ची सोडतो." ते जाऊन मावशींच्या शेजारी बाकावर बसले, हात वर केला आणि मी परवानगी देईपर्यंत खरोखरच थांबले. "बोला," मी म्हटलं.

"मी एक दुरुस्ती मांडतो. सभासद म्हणजे मराठी बोलणारे, मराठी बोलू पाहणारे..." इथे ते अडखळले, खिडकीकडे बघितलं, "...आणि मराठी बोलणाऱ्यांना ज्यांनी आयुष्यभर सहन केलं आहे, असे सर्व."

इतक्या बैठकांत त्यांनी मांडलेलं हे पहिलं आणि शेवटचं मत. सगळ्यांत आधी हात वर केला मावशींनी. निखिल म्हणाला, "दोन्ही सभागृहांत वेगवेगळं मोजायचं का?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"मंजूर," मी म्हटलं, आणि लाटणं आपटलं. जरा जोरातच आपटलं.

"गेनाऊ," काकू म्हणाल्या आणि ट्रे आत सरकवला.

मागे अंगणात हाउसमाइस्टर उभा होता. उघडी खिडकी बघून त्याने समाधानाने हात हलवला.

पुढे नोंदणीसाठी कोर्टातून एका बाईंचा मला फोन आला. सांस्कृतिक संस्थेला दोन सभागृहं कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. या देशात त्याहून विचित्र संस्था आहेत. त्यांची शंका एवढीच की "सहन केलं आहे" याला पुरावा काय मानायचा. मी म्हटलं, "विवाहाचा दाखला." त्यांनी क्षणभर विचार केला आणि चालेल म्हणाल्या.

त्या वर्षी चतुर्थी आडवारी आली. गणपती काकांच्याच दिवाणखान्यात बसला, सामानाने भरलेल्या खोक्यांच्या मखरात. शनिवारी त्याला ट्रामने ऱ्हाइनपार नेलं. मूर्ती काकूंच्या मांडीवर, बाजूला काका काठी रोवून बसलेले. पुलाच्या मध्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आमचे सेनापती रात्री, बर्फातून, होडीने नदी पार करून गेले. आपली बसायची सोय चांगली आहे." काकूंनी मूर्तीवरचा हात न काढता कोपराने त्यांना गप्प केलं.

महिन्याभराने ते हॅनोव्हरला गेले. निरोप समारंभ करू दिला नाही. म्हणाले, भाषणांत खिडक्या उघड्या असतात, लोक खोटं बोलतात.

यंदाची पहिली बैठक आमच्या मानहाइमच्या हॉलवर झाली. अध्यक्षाच्या खुर्चीत मी, समोर लाटणं. ते काकूंनी मागे ठेवलं आहे. आम्ही बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात मावशी उठल्या आणि खिडक्या लावत निघाल्या. शेवटच्या खिडकीपाशी थांबल्या, ती तशीच ठेवली आणि जागेवर येऊन बसल्या. 

रात्री काकांचा फोन. त्यांचा आवाज एकदम तरतरीत. "व्हर्जिनियाबाई, इथे तीन मंडळं आहेत आणि तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत! फार आशादायक परिस्थिती आहे. बरं, तुमची बैठक झाली? खिडक्या लावल्या होत्या ना?"

"लावल्या," मी म्हटलं. "एक सोडून."

काका काही बोलायच्या आत त्यांच्या मागून, बहुधा स्वयंपाकघरातून, स्पष्ट आवाज आला.

"गेनाऊ!"