झडतीची जागा

आमच्या कॉलेजात कुणी पहिलं घर घ्यायला निघालं, की आधी बँकेत जातं आणि मग माझ्याकडे येतं. निपाणीतला फ्लॅट घेताना कागदांसाठी माझ्या चपला कशा झिजल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून मला जाणकार समजतात. मीही आढेवेढे घेत नाही. उतारा बघा. जमीन एनए झाली आहे का बघा. उन्हाळ्यात पाणी कसं येतं ते बिल्डरला विचारू नका, तळमजल्यावरच्या बाईला विचारा. एवढं झालं की शेवटचं सांगते. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस सोबत न्या, आणि तिथं पोचल्यावर भिंतींकडे बघू नका, त्या माणसाकडे बघा.

यावर बहुतेक जण हसतात. त्यांना वाटतं मी जिन्याबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलतेय.

आम्ही बेळगावजवळ मच्छेला एक प्लॉट बघितला होता, चिकोडी रस्त्याला एक जुनं घर बघितलं होतं आणि निपाणीतला हा फ्लॅट. नवरा मच्छेच्या कारखान्यात नोकरीला. आठवडाभर तिकडं राहतो, शनिवारी घरी येतो. शहाणपणानं बघितलं तर प्लॉटच घ्यायला हवा होता, आणि तो तसं रोज फोनवर ऐकवतही होता. पण घर घ्यायचं ते आईसाठी, हे मी नोकरी लागल्यापासून मनाशी धरलं होतं. आईनं उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. चाळणं, निवडणं, पोती भरणं. त्या पैशावर तिनं मला पाचवीपासून बेळगावच्या वसतिगृहात ठेवलं. सुट्टीतसुद्धा मला निपाणीत फार राहू द्यायची नाही, मामाच्या गावाला धाडायची. मला याचा राग यायचा. लहानपणी माझ्या लेखी आई म्हणजे महिन्यातून एकदा एसटीनं येणारी, पदराला उग्र वास असणारी बाई. वखार आतून कशी असते हे मी कधी बघितलं नाही. नोकरी घेऊन परतले तोवर बहुतेक वखारी बंद पडल्या होत्या, काही पाडल्या होत्या.

फ्लॅट बघायला आईला नेलं तो दिवस मला नीट आठवतो. बिल्डर म्हणाला, इथं आधी नुसती मोकळी जागा होती, बाभळी माजल्या होत्या. मी नळ सोडून बघत होते. आई हॉलमध्ये शिरली आणि शिंकली. मग खिडकीखालच्या कोपऱ्यात गेली, गुडघे पोटाशी घेऊन नव्या फरशीवर बसली आणि मान वर करून उजेड कुठून येतो ते बघू लागली. मला वाटलं, दमली.

"आई, जिना झेपंल का गं?"

"हेच घे."

"अगं, मच्छेचा प्लॉट पण..."

"हेच घे म्हणती न्हवं."

माझ्या आईनं साडीच्या रंगाचासुद्धा कधी हट्ट धरला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याशी भांडून तोच फ्लॅट घेतला. राहायला आलो त्या दिवशी विहारातली माणसं आली, वंदना झाली, खिरीचं वाटप झालं. आई पांढऱ्या साडीत पहिल्या ओळीत बसली होती. त्याच कोपऱ्यात.

हवा दमट झाली की हॉलमध्ये तंबाखूचा वास येऊ लागला. शेजारीण म्हणाली, रंगाचा असेल. नवऱ्यानं भिंतीला नाक लावून बघितलं आणि काहीच नाही म्हणाला. मला मात्र येत होता. वसतिगृहाच्या फाटकात आई मला जवळ घ्यायची तेव्हा यायचा, तोच. आईला विचारलं तर तिनं विषयच बदलला.

आमच्या इमारतीचं तोंड नव्या रस्त्याकडे आहे, पण पायी बाजारात जायला मागचं गेट सोयीचं. ते गल्लीत निघतं. त्याचे दोन काळे दगडी खांब बिल्डरनं जुनेच ठेवले होते, मजबूत आहेत म्हणून. मला ते फार आवडले होते.

एकदा सकाळी कपडे वाळत घालताना मी वरून बघितलं. आई पिशवी घेऊन निघाली होती. खांबांपाशी आली आणि थांबली. पिशवी खाली ठेवली, पदर सोडून झटकला आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरले. मान एका बाजूला वळवली, कुणाचं तोंड जवळ आलं की आपण वळवतो तशी. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पदर खोचला, पिशवी उचलली आणि गेली.

मी म्हटलं, कंबर मोकळी करत असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. आत येताना ती थांबायची नाही, फक्त बाहेर जाताना.

आईच्या वखारीतल्या एक मैत्रीण आहेत, मी त्यांना मावशी म्हणते. त्या रिक्षानं आल्या, पुढच्या गेटातून. चहा झाला, गप्पा झाल्या. परत जाताना दोघी चालत मागच्या गेटानं निघाल्या. मी गॅलरीत उभीच होते. आई खांबांपाशी थांबली, पदर झटकला, हात लांब केले. मावशी तिच्या मागं जरा अंतर ठेवून थांबल्या. रांगेत थांबावं तशा. आई पुढं सरकली, मग मावशी त्या जागी आल्या आणि त्यांनीही हात लांब केले. दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. गल्लीत पोचल्यावर पुन्हा हसत-बोलत निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी आईला धरून बसवलं.

"ही आमचीच वखार," ती म्हणाली. "माडीवर खिडकीखाली माझी जागा व्हती. आणि त्या खांबापाशी झडती."

"कसली झडती?"

"सुटल्यावर. पदरात, कंबरंला तंबाखू न्हाय न्हवं म्हून बघायाचे. एक बाईच ठिवलेली व्हती त्याला. हात गार असायाचे तिचे. साडीत हात घालायाची, समद्यांच्या म्होरं."

"आता कोण आहे तिथं?"

"कोण न्हाय."

"मग थांबतेस कशाला?"

"ती जा म्हणल्याबिगार पाय उचलत न्हाय गं."

"ती बाई आहे कुठं?"

"कवाच मेली ती."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, विकून टाकू, मच्छेला जाऊ. शनिवारी नवरा आला, तो म्हणाला, तोवर पुढच्या गेटानं ये-जा करा. आई दोघांवर उखडली. "मालकीण होऊन त्या दारातनं न थांबता जायाचं हाय मला. एकदा तरी. म्हून तर हेच घे म्हणलं."

तेव्हापासून सकाळी मला दुसरं काही सुचत नव्हतं. आई निघाली की मी गॅलरीत. आज जाईल, असं मनाशी म्हणायची. ती मान ताठ करून, पावलं जोरात टाकत खांबांकडे जायची. आणि थांबायची. परत आल्यावर माझ्याकडे बघायची नाही. कणीक तिंबत बसायची.

मग एका रविवारी, नवरा मच्छेलाच थांबला होता तेव्हा, आम्ही दोघी बाजाराला निघालो. मी कुलूप लावेपर्यंत आई पुढं गेली, खांबांपाशी थांबून गल्लीत पोचलीही. मी किल्ली पर्समध्ये टाकत, नेहमीच्या घाईत गेटाशी आले, आणि पाय उचलेना.

ठेच लागली नव्हती, चक्कर नव्हती. समोर उघडं गेट, गल्लीत ऊन. फक्त वास आला, अगदी जवळून. माझे हात आपोआप अंगापासून दूर झाले. पर्स कोपराशी लोंबत होती. कंबरेवर, साडीच्या निऱ्यांपाशी, काहीतरी गार टेकलं. मी मान वळवली. हाक मारायची होती, पण तोंडातून आवाज फुटेना. परवानगीशिवाय बोलायचं नाही, असं वाटत होतं.

आईनं गल्लीतून मागं वळून बघितलं.

गुडघे दुखतात म्हणणारी बाई. ती जवळजवळ पळत आत आली. पिशवी रस्त्यातच टाकली होती. तिनं माझे दोन्ही हात धरून खाली ओढले.

"हात खाली कर."

माझे हात पुन्हा वर जाऊ लागले.

"तू कवा काम केलीस हितं? आं?" ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती माझ्या खांद्याच्या मागं. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "हिला हात लावायाचा न्हाय. ही मी हितं आणलीच न्हवती कवा. ही हितं येऊ नये म्हून एवढीशी असताना बेळगावला टाकली. सुट्टीला सुदिक घरात घेतली न्हाय मी पोरीला."

तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि मला ओढत बाहेर काढलं. "मागं बघू नगंस," म्हणाली. मी नाही बघितलं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की या वेळी ती खांबांपाशी थांबली नव्हती. मी तिला ते सांगितलं नाही. तिनं माझं मनगट बाजार येईपर्यंत सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.