बिनफुलाचं नाव

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या गिराम मॅडम फूल बघितल्याशिवाय कुठल्याही झाडाचं नाव सांगत नसत. प्राचार्यांनी स्वतःच्या दारातली कुंडी दाखवून विचारलं, तरी उत्तर एकच, "फुलू द्या, मग सांगते." एवढं शिकून बाईंना कुंडीतलं झाड ओळखता येत नाही, असं स्टाफरूममधल्या विद्वानांचं मत होतं. मी पडलो प्रयोगशाळेचा परिचर, मला मत कोण विचारणार!

येलदरी धरणाच्या वरच्या खडकाळ उतारावर मॅडमना बोटाएवढं, बिनपानांचं, चौकोनी दांड्याचं एक रोप सापडलं. शेळ्या राखणारी म्हातारी म्हणाली, "बाई, माकडशेंग हाय ही. आमी मीठ लावून खातो." मॅडमना मात्र दांडा जाड वाटला, जात वेगळी असावी, अशी आशा लागली. तीन पावसाळे आम्ही तो उतार चढलो. दर वेळी आमच्याआधी शेळ्यांनीच कळ्यांचा अभ्यास उरकलेला असे.

शेवटी मॅडमच्या निवृत्तीच्या आठवड्यात कळ्यांसकट एक दांडा हाती लागला. असलं रसाळ रोप दाबून वाळवण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवावं लागतं, नाहीतर ते मरतच नाही. मला चहाची घाई; मी तसंच कागदांत दाबलं. इकडे प्राचार्यांनी ‘परभणीची नवी वनस्पती’ शोधल्याबद्दल मॅडमचा सत्कारही ठरवून टाकला. पाहुणे, शाल, गेटवर फ्लेक्स, सगळं तयार. फुलाची वाट बघायला ते थोडेच वनस्पतिशास्त्राचे होते!

सत्काराच्या आदल्या दिवशी कागद उघडले, तर आत फूल उमललेलं. जांभळट, काठाला बारीक केस. मॅडमनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "माकडशेंगच हाय," म्हणाल्या. बाईंची तीन वर्षं पाण्यात गेली होती.

"मॅडम, आपण दोघांनीच बघितलंय. फेकून देऊ?"

त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि तो कागद घेऊन थेट प्राचार्यांकडे गेल्या. साहेबांना घाम फुटला. "अहो, फ्लेक्स लागलाय! उद्याचा कार्यक्रम होऊ द्या, परवा सांगा."

"सर, ती उद्याबी माकडशेंगच ऱ्हाईल."

सत्कार रद्द झाला. निरोप द्यायला स्टाफरूममधून कुणी आलं नाही. सगळ्यांना नेमके तास होते. उभ्या नोकरीत कुणाच्या पाया न पडलेला मी त्या दिवशी वाकलो.

"उठा हो," मॅडम म्हणाल्या, "अन् आधी तो फ्लेक्स उतरवा. लोक वाचायलेत."